गच्चीवरचं वाळवण ते फ्रीजरमधला डबा

स्मरणिका समितीने मला विषय दिला होता 'महिला मंडळाचा आढावा'. पण हळदीकुंकू, भुलाबाई, शेगावची सहल, कोजागरी हे सगळं वार्षिक अहवालात फोटोंसकट येणारच आहे. म्हणून समितीच्या परवानगीने मी दुसऱ्याच गोष्टीचा इतिहास लिहायला घेतला. आपल्या तिन्ही विंगांमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी जे डबे जिन्यातून वर-खाली जातात, त्यांचा. नव्या सुनांना वाटतं की ही 'डबा भिशी' व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर सुरू झाली. ग्रुप नवा आहे, हे खरं. डबा मात्र आपल्या सोसायटीपेक्षाही जुना आहे.

त्यासाठी आधी गेटच्या आतल्या वसाहतीत जावं लागेल. दीपनगर हे काही मुळातलं गाव नव्हे. भुसावळजवळ, फेकरीच्या शिवाराला लागून, वीजकेंद्रासाठी वसलेली ही कॉलनी. पहिला ६२.५ मेगावॅटचा संच १९६८ साली सुरू झाला, २१० मेगावॅटचे दोन संच १९७९ आणि १९८२ साली. पाणी तापीवरच्या हतनूर धरणाचं, कोळसा रेल्वेने येणारा, आणि माणसं कोराडी, पारस, परळी, एकलहऱ्याहून बदलीवर येणारी. तिसरा संच सुरू झाला त्याच्या पुढच्या वर्षी मी लग्न होऊन इथे आले. माझं माहेर यावल तालुक्यातलं, म्हणजे तसं घरच्याच अंगणात. पण माझ्या क्वार्टरच्या एका बाजूला नागपूरकडच्या वहिनी होत्या, दुसऱ्या बाजूला कोकणातल्या काकू आणि समोर बीडच्या ताई. चौघींच्या चार तऱ्हेच्या भाज्या आणि चार तऱ्हेची मराठी. मी 'आवो वहिनी' म्हटलं की कोकणातल्या काकू हसायच्या.

एकत्र आलो त्या उन्हामुळे. बाकीच्यांना भुसावळचं ऊन म्हणजे शिक्षा वाटायची. मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. पण माझी सासू म्हणायची, हे ऊन वाया घालवायचं नसतं. ज्या उन्हात बाहेर पडवत नाही त्याच उन्हात वर्षाचं अन्न वाळून टिकाऊ होतं. फ्रीज तेव्हा कॉलनीत मोजक्याच घरी होते. गोदरेजने १९५८ पासून आपल्या देशात फ्रीज बनवायला सुरुवात केली होती, पण दीपनगरच्या ऑपरेटरच्या पगारात तो बसायला पुढे बरीच वर्षं गेली. तोवर आमचा फ्रीज म्हणजे गच्ची आणि पत्र्याचे डबे.

आता बिबड्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सोसायटीतल्या निम्म्या मुलांना ते फक्त तळलेले माहीत आहेत. ज्वारी तीन दिवस भिजत घालायची, रोज पाणी बदलायचं. मग उपसून, कांडून, दळून आणायची. त्याचा मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा. त्यात लसूण, जिरं, मिरची, तीळ आणि मीठ. घाटा गरम असतानाच ओल्या धोतरावर थापावा लागतो. गार झाला की हाताला चिकटतो आणि बिबडा फाटतो. म्हणून पहाटे चारला चूल पेटायची, सहापर्यंत घाटा तयार, आणि आठच्या आत सगळं थापून मोकळं व्हायचं, कारण त्यानंतर गच्चीवर पाय टेकवत नाही. हे काम एकटीचं नाहीच. एक घाटा ढवळणार, कारण बुडाला लागला तर सगळं गेलं. एक वाटीने काढून देणार, तिघी-चौघी थापणार, आणि एक पोरांना पातेल्यापासून दूर ठेवणार. पोरं गरम घाटा वाटीत घेऊन त्यावर कच्चं तेल घालून खायची. कुरडयांच्या दिवशी चिकाचंही तेच.

त्यामुळे नंबर लागायचे. आज माझ्याकडे, परवा वहिनींकडे, त्यानंतर काकूंकडे. उडदाच्या पापडांना प्रत्येकीने आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायचं, ही रीत. आणि ज्या घरी काम, त्या घरचा चहा आणि पोहे. दोन उन्हाळे असे गेले आणि मग अदलाबदल सुरू झाली. नागपूरच्या वहिनींच्या मूगवड्या आम्हाला आवडल्या, त्यांना आमचे बिबडे. काकू माहेरून फणसाचे पापड आणायच्या, त्यावर सगळ्यांचा डोळा. मग ठरलं, चौघींनी चारही प्रकार करत बसण्यापेक्षा जिचा हात ज्यात बसलेला आहे तिने तो चौघींसाठी करायचा.

इथे हिशेबाचा प्रश्न आला. पहिल्या वर्षी किलोवर वाटप झालं. दोन किलो पापडाला दोन किलो कुरडया. बीडच्या ताई कुरडया करायच्या. गहू भिजवा, वाटा, चीक काढा, रात्रभर निवळू द्या, शिजवा, सोऱ्याने पाडा. त्यांनी तोंडाने काही म्हटलं नाही, पण पुढच्या वर्षी शेवयांचं नाव लावलं. खूण कळली. मग आम्ही वजन सोडलं आणि दिवस मोजायला लागलो. ज्या पदार्थाला तीन दिवस लागतात तो तीन दिवसांचा, त्याच्या बदल्यात तीन दिवसांच्या कामाचा माल. ही वही माझ्याकडे अजून आहे. दोनशे पानी, कव्हर गेलेलं, कडेला हळदीचे डाग. त्यात रुपया कुठेच नाही. 'बिबडे – ३ दिवस – २ घरी दिले, १ येणे' अशा नोंदी आहेत. आमच्या 'ह्यांनी' एकदा ती वाचून विचारलं होतं, ही लॉगशीट कुणाची?

मध्यंतरी एक सूचना आली की पापड विकू या. मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला बसून 'लिज्जत' उभं केलं, हे तेव्हा वर्तमानपत्रात वाचून आम्हाला माहीत होतं. पण आमचं गणित जमलं नाही. कुणाचा नवरा कधी बदलून जाईल याचा भरवसा नाही आणि विक्रीला जो एकसारखेपणा लागतो तो आम्हाला नको होता. काकूंचा पापड जाडच हवा होता. ते राहिलं, आणि राहिलं तेच बरं झालं असं माझं मत आहे. काहींचं अजून नाही.

आता जे लिहिते ते स्मरणिकेत सहसा लिहिलं जात नाही. पण इतिहास लिहायचा म्हटलं तर ते गाळता येणार नाही.

कॉलनीत कुणी नवं आलं की पहिला प्रश्न 'कुठल्या?' आणि दुसरा 'आडनाव काय?' दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर बरंच काही ठरायचं. एक वहिनी परळीहून बदलीवर आल्या. पहिल्याच उन्हाळ्यात स्वतःचं पोळपाट-लाटणं घेऊन पापडाला आल्या. त्यांना लाटायला कुणी बसवलं नाही. 'तुम्ही उन्हातले पापड परता' असं सांगण्यात आलं. वाळलेल्याला हात लागला तर चालतो, भिजवलेल्या पिठाला नको, असा तो न बोललेला हिशेब होता. त्या दोन उन्हाळे पापड परतत राहिल्या. तिसऱ्या उन्हाळ्यात कोकणातल्या काकूंनी, ज्यांच्या घरी सोवळं सगळ्यात कडक, पिठाचा गोळा तेल लावून उचलला आणि त्यांच्या पुढ्यात आदळला. 'कुटा. माझे खांदे गेलेत.' बस्स. त्या दिवशी दोघी पापड अर्धे टाकून लवकर घरी गेल्या, त्यातली एक पुढच्या आठवड्यात परत आली.

मला नंतर बरेचदा वाटलं की वाळवण एवढं सहज इकडून तिकडे का जात होतं, तर ते शेवटी आपल्या कढईत, आपल्या तेलात तळलं जातं. कोरडं आणि तळलेलं चालतं, पाण्यात शिजवलेलं चालत नाही, ही आपल्याकडची जुनी वाटणी. भात-वरण हे खरं अवघड. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी महाराष्ट्रात झुणका-भाकरीची सहभोजनं घातली ती उगाच नव्हे. लाडू-चिवड्याचं सहभोजन सोपं गेलं असतं.

पुढे निवृत्ती जवळ आली तसे आमच्यातले बरेच जण गेटबाहेर प्लॉट बघू लागले आणि आपली सोसायटी झाली. ती कशी झाली, नोंदणी, कर्ज, बोअरचं पाणी, हे अध्यक्षांच्या लेखात आहेच. मी गच्चीपुरतं सांगते. पहिल्या वर्षीच्या सभेत गच्ची वाळवणाला द्यायची का, यावर पाऊण तास चर्चा झाली. टाकीजवळ पीठ सांडतं, कबुतरं येतात, वॉटरप्रूफिंग खराब होईल. शेवटी ठराव झाला की मार्च ते मे गच्चीच्या किल्ल्या महिला मंडळाकडे. हा ठराव अजून रद्द झालेला नाही, नव्या कमिटीने लक्षात ठेवावं.

गेटबाहेर आल्यावर एक गोष्ट मात्र कळली. आत वीज कधी जात नव्हती. बाहेर जायची. २००५ नंतरची ती वर्षं सगळ्या महाराष्ट्राने भोगली, पण आमच्यासारखी गंमत क्वचित कुणाची असेल. गच्चीवरून चिमण्यांचा धूर दिसतोय, घरातला माणूस तीस वर्षं बॉयलरपुढे उभा राहून आलाय, आणि फ्रीज बंद. दूध दिवसातून दोनदा तापवायचं. आमरस करून ठेवायची सोय नाही. आता घरोघरी डबल डोअरचे फ्रीज आले होते, पण फ्रीजर म्हणजे बर्फाचे दोन ट्रे आणि आइस्क्रीमचा रिकामा डबा. ज्याच्यावर विसंबता येत नाही त्यात कुणी दहा माणसांचं अन्न ठेवत नाही. त्यामुळे त्या वर्षांत वाळवण उलट वाढलं. वहीत त्या उन्हाळ्यांची पानं सगळ्यात भरलेली आहेत.

पुढे लोडशेडिंग कमी होत गेलं. आपल्या इथे ५०० मेगावॅटचे दोन नवे संच २०१२ नंतर चालू झाले. फ्रीजर खरोखर गोठलेला राहू लागला. आणि त्याच सुमारास वाळवण ओसरू लागलं. गुडघे गेले, सुना नोकरीवर जाऊ लागल्या, तयार बिबडे जळगावात पाकिटात मिळू लागले. चारला उठून घाटा ढवळायला कुणी येईना. मला याचं वाईट वाटतं, पण सुनांना दोष द्यावा असं वाटत नाही. पहाटे चारला उठून सकाळी साडेआठची बस कशी पकडायची?

डबा भिशीची कल्पना बी विंगमधल्या एका मुलीने आणली. ती लग्न होऊन अमेरिकेत गेलेली, बाळंतपणाला इकडे आलेली. तिकडे म्हणे मैत्रिणी प्रत्येकी एकच पदार्थ भरपूर करतात, डब्यांत भरून गोठवतात आणि एकमेकींत वाटून घेतात. महिन्याच्या संध्याकाळी सुटतात. ऐकून मी घरातून वही आणून तिच्यापुढे ठेवली. ती पानं उलटत म्हणाली, काकू, हे तर तेच आहे.

तेच होतं आणि नव्हतंही. सहा घरं तयार झाली. पहिल्या बैठकीत पदार्थ ठरवताना कुणी म्हणालं वरण, कुणी पाटवड्यांची रस्सा-भाजी, आणि खोली एकदम गप्प झाली. मग एकेक कारण निघालं. आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण नाही. आमच्याकडे गुरुवार. आमच्या आईंना बाहेरचं सोसत नाही. तुमच्याकडे नॉनव्हेजची भांडी वेगळी आहेत का? यातली काही कारणं खरी होती. जैन शेजाऱ्यांचं कंदमुळांचं कारण तर सरळच होतं आणि त्यांनी ते सरळ सांगितलं. पण काही कारणांच्या मागे तेच जुनं होतं. पापड परतायला सांगण्यापाठी होतं ते. सहापैकी दोन घरं त्याच बैठकीत गळली.

यावर तोडगा काढला तो परळीच्या वहिनींनीच. होय, त्याही आपल्याच सोसायटीत आहेत, नाव त्यांनी छापू नका म्हटलंय. त्या म्हणाल्या, 'शिजवलेलं नकोच देऊ या आधी. अर्धं काम देऊ. फोडणी आपापल्या घरची.' म्हणजे भाजलेल्या वांग्यांचा गर, पुरण, शेवभाजीच्या रश्श्याचं भाजून केलेलं वाटण, सोललेले मटार, आमरस. वाळवणाचीच युक्ती, शेवटची कढई आपली. गळालेल्या दोन घरांपैकी एक परत आलं.

भरताचं सांगते, कारण त्यात आपला जिल्हा हुशार आहे. बामणोदची मोठी हिरवी वांगी दिवाळीनंतर येतात. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायची, गॅसवर नाही. गॅसवरच्या भरताला मी भरीत म्हणत नाही. वीस-पंचवीस किलो वांगी एका सकाळी गच्चीवर भाजून, सोलून, ठेचून होतात. गर गार करून डब्यात भरायचा, वर बोटभर जागा सोडायची, कारण गोठताना तो फुगतो. मग मार्चमध्ये वांगी संपल्यावरही डबा काढा, तेलात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात परता आणि गर टाका. काड्यांच्या धुराचा वास तसाच असतो. कळण्याच्या पुऱ्या मात्र ताज्याच लागतात.

सगळंच गोठवून टिकत नाही. बटाटा भुसभुशीत होतो. दही घातलेलं फुटतं. भाकरी गोठवायचा विचारही कुणी करू नये. पुरण उत्तम राहतं, आमरसही. गरम पदार्थ आपल्या मेमध्ये ओट्यावर गार होत नाही, आंबतो, म्हणून पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळायचं आणि निवलं की लगेच फ्रीजरमध्ये. एकदा सुटलेला डबा पुन्हा गोठवायचा नाही. काचेच्या बरणीत एकीने आमरस भरला होता, बरणी तडकली. हे सगळं वहीच्या नव्या पानांवर लिहिलेलं आहे. हिशेब पुन्हा दिवसांचाच, फक्त आता दिवसांऐवजी तास.

मग २०२० आलं. मार्चअखेर सगळं बंद झालं तेव्हा उडदाची डाळ दळून घरोघरी पडून होती. त्या वर्षी पापड प्रत्येक विंगच्या गच्चीवर अंतर ठेवून, तोंड बांधून लाटले. वीजकेंद्र काही बंद नव्हतं, मुलं तिन्ही शिफ्टना जातच होती. रात्री सेकंड शिफ्टहून बारा वाजता परतणाऱ्याला बाहेर काही मिळायचं नाही. तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी पूर्ण शिजवलेला डबा दाराशी ठेवला. पुढच्या एप्रिलमध्ये तर एकेका मजल्यावर दोन-दोन घरं आजारी होती. स्वयंपाक करणारीच तापाने झोपलेली. ज्यांच्या फ्रीजरमध्ये जे होतं ते निघालं. वरण, खिचडी, भाजी, सगळं. दाराबाहेर स्टूल ठेवायचं, डबा त्यावर, बेल वाजवून मागे सरकायचं.

बी विंगमधले काका त्याच महिन्यात गेले. दवाखान्यातून घरी आणता आलं नाही. आपल्याकडे अशा घरी चूल पेटत नाही, नातेवाईक आणि शेजारचे पिठलं-भाकरी घेऊन येतात. नातेवाईक कुणी येऊ शकले नाहीत. काकू आणि त्यांचा मुलगा दोघंही पॉझिटिव्ह, दार बंद. तेरा दिवस त्या स्टुलावर डबे गेले. पहिल्या बैठकीत गळलेलं आणि परत न आलेलं घर ते हेच. कुठला डबा कुणाकडचा, हे काकूंना माहीत होतं, कारण आपल्या स्टीलच्या डब्यांवर नावं घातलेली असतात. रिकामे डबे घासून, गरम पाण्यातून काढून, ज्याचे त्याला बरोबर परत गेले. परळीच्या वहिनींचा डबा परत आला तेव्हा त्यात मूठभर शेंगदाणे होते. डबा रिकामा परत करू नये म्हणून.

आज भिशीत चौदा घरं आहेत. सगळं सुरळीत आहे असं मी म्हणणार नाही. दोन घरं अजून फोडणी न दिलेलंच घेतात आणि तेवढंच देतात. त्यांना कुणी काही म्हणत नाही, वहीत त्यांच्यापुढे तशी खूण आहे. बी विंगच्या काकू आता वरणही पाठवतात आणि मागतातही. दोन पुरुष सभासद आहेत. त्यातले एक निवृत्त शिफ्ट इंचार्ज फक्त वाटण भाजतात, पण ते इतकं एकसारखं की 'लिज्जत'ने घ्यावं. गेल्या उन्हाळ्यात सुट्टीवर आलेल्या पोरांसाठी एक दिवस बिबडेही घातले. चारऐवजी पाचला चूल पेटली, घाटा थोडा लागला, पण झाले.

यंदाची वांगी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सी विंगच्या गच्चीवर भाजायची आहेत. काड्या एका सभासदांच्या शेतातून येणार आहेत, त्यांचं ट्रॅक्टरचं भाडं सगळ्यांत वाटून घेऊ. ज्यांना नव्याने यायचं असेल त्यांनी आधी माझ्याकडे नाव द्यावं, म्हणजे वांग्यांचा अंदाज बांधता येईल. प्रत्येकी दोन डबे आणावेत, झाकणं घट्ट बसणारी, आणि नाव डब्यावर घातलेलं असू द्या, झाकणावरही. मागच्या वर्षीची बिननावाची तीन झाकणं अजून माझ्या फळीवर पडून आहेत.